डेंग्यू एनएस१ सेन्सर: अँटिबॉडी बसलेली दिसते, पण सीरममध्ये रीडिंग बिघडतं

ऋतुजा_नांदेड

नमस्कार मंडळी. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय आहे डेंग्यू झाल्यावर रक्तात येणाऱ्या एनएस१ प्रथिनासाठी इम्पिडन्सवर, म्हणजे विद्युत अडथळ्याच्या मोजमापावर, चालणारा सेन्सर. आमचे सर मूळचे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचे, त्यामुळे आलेख वाचायला मदत मिळते, पण अँटिबॉडीच्या बाजूचं विचारावं असं लॅबमध्ये कोणी नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

स्क्रीन-प्रिंटेड सोन्याचे इलेक्ट्रोड वापरते, मधली चकती ४ मिमी व्यासाची. त्यावर मर्कॅप्टोअनडेकॅनॉइक आम्ल (सोन्याला चिकटणारा थायॉल, दुसऱ्या टोकाला कार्बॉक्सिल गट), १ मिलिमोलर, इथेनॉलमध्ये रात्रभर. धुऊन ईडीसी आणि एनएचएस (प्रथिन जोडता यावं म्हणून कार्बॉक्सिल जागृत करणारी रसायनं) पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं बफर) एक तास. मग एनएस१ धरणारी अँटिबॉडी, माऊस मोनोक्लोनल (उंदराची, सगळे रेणू एकसारखे), आयजीजी१ प्रकारची. बाटलीतून काढून पीबीएसमध्ये २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली करते आणि १० मायक्रोलिटरचा थेंब रात्रभर ४ अंशाला ठेवते. शेवटी उरलेल्या जागा झाकायला १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) अर्धा तास. मोजमाप ५ मिलिमोलर फेरो-फेरिसायनाइडमध्ये (सोन्याशी इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करणारं द्रावण). प्रत्येक टप्प्यानंतर नायक्विस्ट आलेखातलं (इम्पिडन्सचा आलेख) अर्धवर्तुळ मोठं होतं, म्हणजे थर चढतायत असं आम्ही धरून चाललो होतो.

आता अडचणी. एनएस१ पीबीएसमध्ये मिसळून टाकलं तर १० नॅनोग्रॅम ते १ मायक्रोग्रॅम प्रति मिली या पूर्ण पट्ट्यात वाढ अगदीच किरकोळ येते. उलट निरोगी माणसाचं सीरम दहापट पातळ करून टाकलं, त्यात एनएस१ अजिबात नाही, तरी १ मायक्रोग्रॅमवाल्यापेक्षा मोठी उडी दिसते. आणि गेल्या आठवड्यात एक इलेक्ट्रोड ईडीसी-एनएचएस न घालता केला, त्यावरही अँटिबॉडीचा टप्पा जवळपास तेवढाच आला!

सर म्हणतात अँटिबॉडी वाढवून बघ. पण बाटली १०० मायक्रोग्रॅमची आहे, संपत आली आहे आणि नवीन खरेदी मंजूर व्हायला किती वेळ लागतो हे तुम्हाला सांगायला नको. प्रोटीन जी (अँटिबॉडी धरून ठेवणारं जिवाणूचं प्रथिन) वापरून बघू का? की मुळातच काही चुकतंय?

सिलिकॉनवाला

प्रोटीन जी नक्की वापर. आयजीजीच्या एका रेणूवर ऐंशीच्या आसपास लायसिन (अमाइन गट असलेली अमिनो आम्लं) असतात आणि ते सगळीकडे विखुरलेले. ईडीसी-एनएचएसने जोडलंस की त्यातला कुठलाही लायसिन पकडला जातो. कधी रेणू उभा बसतो, कधी आडवा, कधी थेट अँटिजेन (इथे एनएस१) पकडणाऱ्या टोकांवरच उलटा. प्रोटीन जी मात्र एफसी भाग (अँटिबॉडीचा बुंधा) धरतं, त्यामुळे दोन्ही हात वर मोकळे राहतात. प्रोटीन ए घेऊ नकोस, माऊस आयजीजी१ त्याला नीट चिकटत नाही. प्रोटीन जीला बऱ्यापैकी चिकटते.

मी स्वतः काचेवर एपीटीईएस (एक सिलेन) आणि ग्लुटराल्डिहाइडने काम करतो, मुंबईत. जून ते सप्टेंबर हवेतल्या दमटपणामुळे सिलेन आपसातच जोडला जातो आणि काचेवर गुठळ्या दिसतात. कोरडं टोल्युइन आणि नायट्रोजनची पेटी असल्याशिवाय पावसाळ्यात मी ते करतच नाही. थायॉलला तो त्रास नाही, तेवढं तुझं नशीब चांगलं.

सुलभा_ठाणे

ऋतुजा, आधी एक काम कर. बाटलीवरचं लेबल वाच आणि त्यात अँटिबॉडीशिवाय काय काय आहे ते इथे लिही. माझी बहुतेक नोकरी निदान-किटच्या संशोधन विभागात गेली, एलायझा (रंगावरून प्रथिन मोजणारी चाचणी) प्लेटा आणि स्ट्रिपा. अँटिबॉडी पृष्ठभागावर बसवण्याच्या तक्रारी घेऊन जितकी मुलं-मुली माझ्याकडे आली, त्यातल्या निम्म्यांचा प्रश्न सोन्यात नव्हता, थायॉलमध्येही नव्हता, बाटलीत होता. तुझाही तिथेच असेल असा माझा कयास आहे.

तोवर बाकीचं बोलू.

अर्धवर्तुळ मोठं झालं याचा अर्थ एवढाच की फेरोसायनाइडला सोन्यापर्यंत पोचायला आता जास्त अडचण होते. अडवणारं काय आहे ते आलेख सांगत नाही. अँटिबॉडी अडवते, बीएसए अडवतं, नीट न धुतलेला कचराही अडवतो. ईडीसीशिवायचा इलेक्ट्रोड तू केलास ही फार चांगली गोष्ट केलीस, बरेच जण तो करतच नाहीत. त्याने स्पष्ट सांगितलं की प्रथिन नुसतं चिकटून बसतंय, रासायनिक बंध झाला की नाही ते या मोजमापाला कळत नाही.

नुसतं चिकटणं वाईट असं मात्र समजू नकोस. १९६७ मध्ये कॅट आणि ट्रेगिअर यांनी प्लास्टिकच्या नळीच्या आतल्या बाजूला अँटिबॉडी फक्त चिकटवून रेडिओइम्युनोअसे (किरणोत्सारी खुणेवर मोजणारी चाचणी) करून दाखवला. १९७१ मध्ये एंगवॉल आणि पर्लमन यांचा एलायझा आला, तोही लवकरच चिकटवलेल्या प्रथिनावर होऊ लागला. आजही पॉलिस्टायरीनच्या प्लेटेवर पीएच ९.६ च्या कार्बोनेट बफरमधून अँटिबॉडी रात्रभर ठेवतात आणि त्यावर हजारो रुग्णांचे रिपोर्ट निघतात. पट्टीवरच्या नायट्रोसेल्युलोजवरही कोणती जोडणी-बिडणी नसते. ते चालतं, कारण तिथे अँटिबॉडी भरपूर असते, आणि त्यातली बरीचशी निकामी झाली तरी उरलेली पुरते. तुझ्या ४ मिमीच्या चकतीवर ती चैन नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या: अँटिबॉडी किती बसली, आणि बसलेल्यातली किती एनएस१ धरते. तुझ्याकडे एलायझाचं सामान असेल तर हे फार सोपं आहे. एका इलेक्ट्रोडवर पेरॉक्सिडेज (रंग आणणारं एन्झाइम) जोडलेली अँटि-माऊस (उंदराची अँटिबॉडी ओळखणारी अँटिबॉडी) टाक, धू, टीएमबी (पेरॉक्सिडेजमुळे निळं होणारं द्रव्य) घाल. निळा रंग किती येतो त्यावरून माऊस अँटिबॉडी किती आहे ते कळेल. दुसऱ्यावर भरपूर एनएस१ दे, मग एनएस१ची दुसरी अँटिबॉडी, पेरॉक्सिडेज जोडलेली. हा रंग सांगेल की कामाची किती. पहिला गडद आणि दुसरा फिका आला, तर अँटिबॉडी आहे पण आडवी-तिडवी पडली आहे किंवा दाटीत अडकली आहे. दोन्ही फिके आले, तर ती तिथे मुळात नाहीच, आणि तुला आलेखात दिसतंय ते दुसरंच काहीतरी आहे. टीएमबी टाकताना अझाइड (जंतू वाढू नयेत म्हणून बाटल्यांत घालतात ते) कुठेही असता कामा नये, ते पेरॉक्सिडेजला बंद पाडतं.

अँटिबॉडी वाढवू नकोस. हिशेब कर. आयजीजीचा रेणू सुमारे १४.५ बाय ८.५ बाय ४ नॅनोमीटरचा. सगळे आडवे पडले तर एका चौरस सेंटीमीटरवर २०० नॅनोग्रॅमच्या आसपास मावतात. तुझ्या चकतीचं क्षेत्रफळ ०.१२६ चौरस सेंटीमीटर, म्हणजे साधारण २५ नॅनोग्रॅम. छापलेलं सोनं खडबडीत असतं म्हणून दुप्पट-तिप्पट धर. तू एका थेंबात २००० नॅनोग्रॅम टाकतेस. ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीने काम व्हायला हवं. ते होत नसेल तर कमतरता अँटिबॉडीची नाही. शिवाय एनएस१ रक्तात सहा-सहाच्या गटात फिरतं, तो गट १० नॅनोमीटरच्या आसपास रुंद असतो. खाली अँटिबॉडी खेटून उभ्या असतील तर एवढा मोठा रेणू एकावर बसला की शेजारच्या दोन-तीन झाकूनच टाकतो. एनएस१साठी थोडी विरळ पेरणी जास्त फायद्याची.

आता प्रोटीन जी. सिलिकॉनवाला यांनी दिशेबद्दल सांगितलं ते बरोबर आहे, पण नमुना सीरम असेल तर मी सावध राहीन. माणसाच्या सीरममध्ये त्याची स्वतःची आयजीजी १० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या घरात असते. दहापट पातळ केलं तरी १ मिलिग्रॅम. प्रोटीन जीवर जितक्या जागा रिकाम्या राहिल्या तितक्यांवर ती जाऊन बसणार, आणि तुझी माऊस आयजीजी१ तिथे घट्ट धरलेली नसल्यामुळे काही ठिकाणी तिलाही हटवणार. मग तुझा सेन्सर एनएस१ऐवजी रुग्णाची आयजीजी मोजायला लागेल. करायचंच असेल तर अँटिबॉडी बसल्यावर डायमिथाइल पिमेलिमिडेटने ती प्रोटीन जीला कायमची जोडून घे आणि उरलेल्या जागा डेंग्यूशी संबंध नसलेल्या आयजीजीने भरून टाक. सध्या तरी त्या वाटेला जाऊ नकोस, आधी साधी जोडणी नीट होऊ दे.

लेबल लिही, मग पुढचं.

ऋतुजा_नांदेड

सुलभाताई, खूप खूप आभार, इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. लेबलवर आहे: अँटिबॉडी १ मिलिग्रॅम प्रति मिली, ५० मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच ७.४, १ टक्का बीएसए, ०.०९ टक्के सोडियम अझाइड. बीएसए आणि ट्रिस टिकण्यासाठी घालतात एवढं माहीत होतं. आमच्याकडे ३० किलोडाल्टनचे (त्याहून जड रेणू अडवणारे) सेंट्रिफ्यूज फिल्टर आहेत, त्यातून गाळून घेतलं तर चालेल का?

सुलभा_ठाणे

मिळालं. आता कागद घे.

१ टक्का बीएसए म्हणजे १० मिलिग्रॅम प्रति मिली. बीएसए ६६ किलोडाल्टनचं, अँटिबॉडी १५०ची. म्हणजे बाटलीत अँटिबॉडीच्या एका रेणूमागे बीएसएचे सुमारे २३ रेणू आहेत. प्रत्येकावर साठेक लायसिन. ट्रिसचं तर विचारू नकोस, अँटिबॉडीच्या एका रेणूमागे त्याचे साडेसात हजार रेणू, आणि ट्रिसला स्वतःचा अमाइन गट असतो. एनएचएसने तयार केलेल्या जागांवर (एनएचएस एस्टर) एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसे हे आधी जाऊन बसतात. अझाइडही त्या एस्टरवर हल्ला करतं. पातळ केलंस तरी हे प्रमाण तेच राहतं, कारण सगळंच एकत्र पातळ होतं. तुझ्या इलेक्ट्रोडवर आज बहुतांश बीएसए आहे, आणि ईडीसीशिवायच्या इलेक्ट्रोडवरही तेच चिकटलं म्हणून दोन्ही सारखे दिसले.

३० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून ट्रिस आणि अझाइड निघून जाईल, बीएसए जाणार नाही. ५०चा घेतलास तरी भरवसा नाही. बीएसए काढायचं तर प्रोटीन जीचा छोटा स्पिन कॉलम वापर: अँटिबॉडी अडकते, बीएसए वाहून जातं, मग पीएच २.७च्या ग्लायसिनने अँटिबॉडी सोडवायची आणि लगेच आम्लता मोडायची. इथे लक्ष दे. किटमध्ये आम्लता मोडायला बहुधा ट्रिसच देतात, आणि ग्लायसिनलाही अमाइन आहेच. म्हणून त्यानंतर तुझ्या ३०च्या फिल्टरवर फॉस्फेट बफरने तीन-चार वेळा धुऊन घे. तिथे तो फिल्टर कामाचा. पण एवढ्याशा अँटिबॉडीतली बरीच या सगळ्यात वाया जाईल हेही खरं. पुढची ऑर्डर देताना बीएसए आणि अझाइड नसलेली, नुसत्या पीबीएसमधली बाटली माग. बरेच विक्रेते तोच क्लोन (तीच अँटिबॉडी) तशा रूपात देतात. मंजुरीच्या अर्जात हे कारण स्पष्ट लिही, सरांनाही पटेल.

जोडणीतही बदल हवा. ईडीसीला आम्लाकडे झुकलेलं पाणी लागतं. ०.१ मोलर एमईएस बफर, पीएच ५.५ ते ६, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पीबीएस ७.४ मध्ये तासभर ठेवलंस तर तयार झालेलं बरंचसं पाण्यानेच मोडतं. मग पटकन धू आणि अँटिबॉडी पीएच ७.४ ते ८च्या फॉस्फेटमध्ये दे. मध्ये जेवायला जाऊ नकोस. पीएच ७ला बर्फात एनएचएस एस्टर अर्धा उरायला चार-पाच तास लागतात, पण पीएच ८.६ला ४ अंशातही दहा मिनिटांत अर्धा होतो. ईडीसीची बाटली फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर आत दव धरतं आणि पुढच्या वेळी तुझ्या हातात निकामी पावडर येते. शेवटी १ मोलर इथेनॉलअमाइन, पीएच ८.५, उरलेले एस्टर बंद करायला. तुझ्या पद्धतीत हा टप्पा नाही.

आणि सीरमचा प्रश्न. पातळ सीरममध्ये ७ मिलिग्रॅम प्रति मिली प्रथिन असतं आणि तुला शोधायचंय १० नॅनोग्रॅम. सात लाख पट परकं प्रथिन! अर्धा तास बीएसए लावून ते थांबणार नाही. इथे तुझा पूर्ण थर कार्बॉक्सिलचा असणं नडतं. इथेनॉलअमाइन फक्त जागृत झालेले गट बंद करतं, बाकीचे ऋणभारित तसेच राहतात आणि सीरममधलं जे जे धनभारित ते ओढतात. म्हणून थर मिश्र कर: एक भाग कार्बॉक्सिलवाला थायॉल, नऊ भाग टोकाला इथिलीन ग्लायकॉलची छोटी साखळी असलेला. प्राइम आणि व्हाइटसाइड्स यांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं की अशा थरावर प्रथिनं जवळजवळ चिकटत नाहीत. तो महाग पडला तर मर्कॅप्टोहेक्सॅनॉलने सुरुवात कर, तेवढा चांगला नाही पण नुसत्या आम्लापेक्षा पुष्कळ बरा.

यानंतरही प्रत्येक सीरमसोबत एक जोडीदार इलेक्ट्रोड हवाच. त्यावर सगळं तसंच, फक्त अँटिबॉडी डेंग्यूशी संबंध नसलेली, पण माऊस आयजीजी१च. दोघांतला फरक हेच तुझं उत्तर. बीएसए लावलेला कोरा इलेक्ट्रोड कंट्रोल म्हणून दाखवणारे पेपर मी बरेच वाचते आणि मला ते पटत नाहीत. सीरममधलं काही आयजीजीलाच चिकटत असेल तर तो कंट्रोल ते कधीच पकडणार नाही.

उप्सालाकर

सुलभाताईंच्या सगळ्याला अनुमोदन. मी स्वीडनमध्ये एसपीआरवर (सोन्यावर बसलेल्या रेणूंचं वस्तुमान प्रकाशाने मोजायची पद्धत) काम करतो, त्या बाजूने थोडी भर.

जवळपास कोणत्याही संस्थेत एसपीआर यंत्र असेल तर अर्धा दिवस मागून घे. १९८३ मध्ये लिडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी लिंशपिंगमध्ये अँटिबॉडीचा थर अशा पद्धतीने मोजला तेव्हापासून हे याच कामासाठी वापरलं जातंय. १९९० मध्ये बायकोअर नावाचं पहिलं यंत्र बाजारात आलं. फायदा असा की इथे वस्तुमान थेट दिसतं, १००० आरयू (या यंत्राचं एकक) म्हणजे सुमारे १ नॅनोग्रॅम प्रति चौरस मिलिमीटर. समज ३००० आरयू अँटिबॉडी बसली आणि अँटिजेन ५० किलोडाल्टनचं आहे. दोन्ही हात मोकळे असतील तर जास्तीत जास्त ३००० गुणिले ५० भागिले १५० गुणिले २, म्हणजे २००० आरयू मिळायला हवेत. ४०० मिळाले तर फक्त वीस टक्के कामाची. सुलभाताईंनी टीएमबीवर जे रंगात बघायला सांगितलं तेच इथे आकड्यात मिळतं. तुझं एनएस१ सहाच्या गटात असल्यामुळे एक गट दोन हातांत अडकू शकतो, म्हणून हिशेब इतका सरळ नसेल, पण अंदाज येईल.

दुसरं, जोडणीच्या पीएचबद्दल. आमच्या डेक्स्ट्रानच्या (साखरेच्या लांब साखळ्यांच्या) चिपवर आम्ही अँटिबॉडी ७.४ला देत नाही. १० मिलिमोलर अ‍ॅसिटेट, मीठ अजिबात नाही, पीएच ४.५ ते ५.५. त्या पीएचला अँटिबॉडी धनभारित आणि पृष्ठभाग ऋणभारित, त्यामुळे ती आपोआप ओढली जाते आणि फार कमी प्रमाणात असली तरी पुरते. ईडीसी न घालता आधी ४.०, ४.५, ५.० आणि ५.५ असे चार बफर तपासून ज्यात सगळ्यात जास्त ओढली जाते तो घ्यायचा. अँटिबॉडी तुटपुंजी असेल तर सपाट थरावरही हे करून बघण्यासारखं आहे.

ऋतुजा_नांदेड

दोघांचेही मनापासून आभार. शेवटचं एकच. आमच्याकडे पिरान्हाने सोनं साफ करायची पद्धत आहे, पण या छापील इलेक्ट्रोडवर भीती वाटते. आणि एकाच बॅचमधले दोन इलेक्ट्रोड सुरुवातीलाच वेगळे येतात, त्याचं काय करू? कधी कधी तर काहीही न घालता पुन्हा मोजलं तरी आकडा सरकलेला असतो.

सुलभा_ठाणे

छापील इलेक्ट्रोडवर पिरान्हा अजिबात नको. तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि पेरॉक्साइड त्या शाईतला बांधणारा पदार्थ खाऊन टाकतं, आणि तुझ्या हाताचाही धोका. पातळ सल्फ्युरिक आम्लात सायक्लिक व्होल्टॅमेट्रीच्या (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत प्रवाह मोजायचा) फेऱ्या दे, लागोपाठच्या फेऱ्या एकमेकींवर तंतोतंत बसेपर्यंत. सोन्याचा ऑक्साइड परत जाताना जी टोकदार कमान येते तिची उंची लिहून ठेव. ज्या इलेक्ट्रोडची कमान बाकीच्यांपेक्षा बरीच वेगळी तो तिथेच बाजूला काढायचा, अँटिबॉडी घालून मग रडायचं नाही. साफ केल्यावर लगेच थायॉलमध्ये, कारण हवेतला तेलकटपणा सोन्यावर मिनिटांत बसायला लागतो. आणि तुझ्या कंपनीच्या इलेक्ट्रोडवरचा इन्सुलेशनचा थर इथेनॉलमध्ये रात्रभर टिकतो का ते आधी एका इलेक्ट्रोडवर पाहून घे. काही ठिकाणी तो फुगतो आणि चकतीचं क्षेत्रफळच बदलतं.

आकडा सरकण्याचं एक कारण फेरो-फेरिसायनाइड स्वतः आहे. ते सोन्याला हळूहळू कुरतडतं आणि थायॉलचा थरही त्यात सैल होतो. फक्त थायॉल लावलेला एक इलेक्ट्रोड घे, तुझ्या नेहमीच्या वेळांनी तेवढ्याच वेळा मोज, मध्ये नुसता बफर. जितका आकडा तिथे सरकेल त्यापेक्षा लहान फरकाला एनएस१ म्हणायचं नाही. मोजून झालं की लगेच बफरने धू, त्या पिवळ्या द्रावणात ठेवून जाऊ नकोस.

बाटलीत जे उरलंय ते कॉलममधून काढण्याआधी थोडं बाजूला ठेव. बीएसएसकटचं जुन्या पद्धतीने आणि शुद्ध केलेलं नव्या पद्धतीने, एकाच दिवशी शेजारी शेजारी, दोन्हींवर टीएमबीचा रंग बघ. फोटो इथे टाक.